दिवस राहत नाहीत आणि कामात शिसं, धूर आहे: पुरुषाने काय तपासावं, कधी आणि कसं

लग्नाला दोन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. मग सुनेच्या तीन सोनोग्राफ्या होतात, हार्मोनच्या तपासण्या होतात, नवस बोलून होतात, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही होत नाही. वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकट्याने किंवा जोडीने असतं, आणि त्याची पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखाची असते. बारा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नी 35 च्या पुढची असून सहा महिने झाले, तर दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करावी.

इथे त्यातल्या एकाच गोष्टीचं पाहू. पुरुषाच्या अंगात कामातून किंवा घरातून शिसं, कॅडमियम, पारा, मँगेनीज जात असेल तर ते कसं ओळखायचं आणि कसं थांबवायचं. बार्ज आणि ट्रॉलरची डागडुजी, वेल्डिंग, रंग खरवडणं, बॅटरी, सोनारकाम, जाळ्यांची वजनं ओतणं यांपैकी काही करत असाल तर पुढचं नीट वाचा. यांतलं काहीच करत नसाल आणि सिगारेटही ओढत नसाल, तर धातूंमागे लागण्याआधी डॉक्टरांकडून व्हेरिकोसील तपासून घ्या. तो वृषणाच्या शिरांचा फुगवटा आहे, वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या तीनांतल्या एकाहून अधिक पुरुषांत सापडतो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही लाजू नका, सांगा. त्याने शुक्राणू पार शून्यावर येतात आणि कुठलाही धातू इतक्या पटकन तेवढं करत नाही.

रक्ताचं घड्याळ वेगळं, वीर्याचं वेगळं

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून हे आधी.

वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यानंतर तो अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून) पुढे यायला आणखी दहा ते चौदा दिवस. म्हणजे आजच्या नमुन्यात जे दिसतं ते गेल्या तीन महिन्यांचं. रक्तातल्या शिशाचं तसं नाही. नव्याने आलेलं शिसं रक्तातून साधारण महिन्याभरात निम्मं होतं, कारण काही लघवीवाटे जातं आणि बाकीचं हाडांत जाऊन बसतं.

हे गोव्याच्या वर्षावर मांडून पाहा. मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. मालिम, कुटबण, खारीवाडो, शापोरा इथल्या होड्या-ट्रॉलर बाहेर काढून खरवडणं, पत्रा बदलणं, रंगवणं हे सगळं बंदीच्या आगेमागे आणि पावसाच्या उघडिपीत उरकायचं असतं. एखाद्याने जून-जुलैत दोन महिने जुना रंग खरवडला, चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, आणि ऑक्टोबरात डॉक्टर गाठला. वीर्याचा रिपोर्ट खराब येईल, कारण तो जुलै-ऑगस्टात घडलेला माल आहे. रक्तातलं शिसं मात्र तोवर बरंच उतरलेलं असेल. रिपोर्टवर किरकोळ आकडा पाहून डॉक्टर म्हणतील, शिशाचा संबंध नाही. दोन्ही रिपोर्ट बरोबर, निष्कर्ष चूक.

म्हणून रक्ताची तपासणी काम चालू असताना किंवा संपल्यावर आठवड्याभरात करावी आणि वीर्याची त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. उशीर झालाच असेल तर डॉक्टरांना तारखा द्या: काम कधी सुरू झालं, कधी संपलं, रक्त कधी दिलं. रिपोर्टमागे पेनाने लिहून ठेवलं तरी चालतं.

वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्याचं गणित आणखी वेगळं. प्रौढाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथून ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं. अशा माणसाने काम सोडलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा झपाट्याने उतरतो आणि मग अडून बसतो. घाबरू नका, आणि त्या अडलेल्या आकड्यासाठी औषधही मागू नका.

हे धातू करतात काय

शिसं मेंदूतल्या पिट्यूटरीपासून वृषणापर्यंतची हार्मोनची साखळी बिघडवतं. शिवाय शुक्राणूच्या डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जोडणीला जस्त लागतं आणि शिसं त्या जस्ताची जागा बळकावतं. मग संख्या ठीक दिसूनही आतला माल सैल बांधलेला राहतो. रक्तात 40 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर शिसं असेल तर संख्या, हालचाल आणि आकार तिन्ही बिघडतात याबद्दल फारसा वाद नाही. 10 च्या खाली काय होतं यावर अभ्यासांचं एकमत नाही.

कॅडमियम रक्त आणि वृषण यांच्यामधला पेशींचा बांध फोडतं. ते मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं मुक्काम करतं, त्यामुळे ते घालवण्यापेक्षा येऊच न देणं एवढंच हातात असतं. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम आणि निकेल असतं, साध्या लोखंडाच्या धुरात मँगेनीज. वेल्डरला वर उष्णतेचाही मार आहे. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहिले तरच काम करतात, आणि तापलेल्या टाकीत उकिडवं बसून तासन्‌तास काम करणाऱ्याचे ते थंड राहत नाहीत.

तुमच्या अंगात ते नेमकं कुठून जातं

कागद घ्या आणि एक पूर्ण कामाचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढा. "मी वेल्डर आहे" एवढ्याने काही कळत नाही. काय कापलं, कशावरचा रंग होता, चहा कुठे प्यायला, हात कशाने पुसले, कपडे कुठे बदलले, हे लिहा.

जहाज, बार्ज, पूल, टाक्या, जुनी यंत्रं यांवरचा नारिंगी-लाल प्रायमर म्हणजे पुष्कळदा शेंदूर, म्हणजेच शिशाचा ऑक्साईड. पिवळ्या आणि नारिंगी इनॅमलमध्ये लेड क्रोमेट असतो. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवण्याचा नियम 2016 चा, लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. आणि त्याआधी घराला लावलेला रंग अजून भिंतीवरच आहे: जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांवर तैलरंगाचे दहा-दहा थर असतात आणि चवथीच्या आधी तेच कोरड्या पॉलिशपेपरने घासले जातात. ती पिठासारखी धूळ सगळ्यांत वाईट.

रंगावरूनच गॅसकटर चालवणं हे त्याहून भयंकर. शिसं 327 अंशांना वितळतं आणि 500 च्या वर त्याचा धूर होऊ लागतो. कटरची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. नियम असा: ज्या रेषेवर कापायचं तिच्या दोन्ही बाजूंना किमान चार इंच रंग आधी पत्र्यापर्यंत काढून टाकायचा. ही चार इंचांची पट्टी काढायला अर्धा तास जातो म्हणून ती काढली जात नाही, आणि टाकीच्या आत बसलेला हेल्पर तो धूर गिळतो. कापणाऱ्यापेक्षा हेल्परचा आकडा वर येणं त्यामुळेच नवलाचं नसतं.

नदीकाठच्या लोकांसाठी वेगळं. पागेराच्या (हाताने फेकायच्या जाळ्याच्या) कडेला लावायची शिशाची वजनं घरच्या चुलीवर किंवा शेगडीवर ओतली जातात. स्वयंपाकाच्या जागी, जुन्या पातेल्यात, जुन्या बॅटरीचं शिसं वापरून. बॅटरीतल्या शिशात अँटिमनी आणि इतर धातूही असतात. वजनं तयार विकत घ्या. ओतायचीच असतील तर घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, पोरांपासून दूर, आणि ते भांडं पुन्हा घरात आणू नका. गरी टाकणाऱ्यांची एक सवय पाहा: दोरीवर शिशाची फोडलेली गोळी बसवायची आणि ती दाताने चावून बंद करायची. संध्याकाळभरात वीस गोळ्या. बाजूला पक्कड असते, पण ओल्या हाताने ती कोण शोधणार? ती पक्कड दोरीने टोपलीला बांधून ठेवा.

सोनारांचं कॅडमियमचं. केडीएम म्हणतात त्या डागात (दागिन्याचे तुकडे जोडायच्या सोल्डरात) सोन्यात कॅडमियम मिसळलेलं असतं. सोनं 1064 अंशांना वितळतं, कॅडमियम 767 ला उकळतं, म्हणजे डाग बसायच्या आधीच कॅडमियमचा धूर फुंकणीच्या तोंडाशी येतो. जस्ताचा डाग वापरणारी पेढी निवडा, आणि जुना केडीएम दागिना मोडीत आला तर तो वितळवताना खिडकीतला पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. छताच्या पंख्याने धूर फक्त खोलीभर फिरतो.

राहिलेलं भरभर: बॅटरी उघडणं आणि प्लेटा बदलणं, जुन्या पितळी रेडिएटरला सोल्डर मारणं, मूर्तींच्या चित्रशाळेत सुटे पिवळे-शेंदरी रंग कोरडे मिसळणं, कल्हईच्या कथिलात भेसळ म्हणून आलेलं शिसं (अशा भांड्यात सोलांचं हूमण उकळलं की आंबटाने ते बाहेर येतं), फेणीच्या भाटीच्या तांब्याच्या भाणाला (उकळायच्या भांड्याला) शिशाच्या सोल्डरने मारलेले जोड, आणि सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीजर्द हळदपूड. हळकुंडं आणून दळून घ्या, प्रश्न मिटला.

आणि सिगारेट. एका सिगारेटमध्ये एक ते दोन मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं आणि ओढणाऱ्याच्या रक्तात ते न ओढणाऱ्याच्या चार-पाच पट सापडतं. कामाच्या हातांनी ओढली तर बोटांवरचं शिसंही त्याच झुरक्याबरोबर आत. धातूंची तपासणी करून घ्यायची आणि सिगारेट चालू ठेवायची, याला काही अर्थ नाही.

रक्ताची तपासणी: कशी सांगायची, कशी द्यायची

डॉक्टरांना सरळ सांगा: "डॉक्टर, मी बार्जचा जुना रंग खरवडतो आणि गॅसने कापतो. रक्तातलं शिसं तपासायचं आहे. काम अजून चालू आहे." असं म्हटलं की पुढचं सोपं जातं. "हेवी मेटल प्रोफाइल" असं लिहून घेऊ नका. त्यात वीस धातू निघतात, पैसे जातात, आणि कुठलातरी एक आकडा किंचित वर येऊन सगळ्यांना घोर लावतो. ज्या धातूशी काम आहे तोच मागा.

शिशासाठी शिरेतलं पूर्ण रक्त हवं, सीरम नव्हे, कारण शिसं तांबड्या पेशींत असतं. नळी ईडीटीएची, धातूंच्या तपासणीसाठीची गडद निळ्या बुचाची मिळाली तर उत्तम. पद्धत आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस. रक्त भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करावी, नाहीतर बारीक गुठळ्या होतात आणि आकडा चुकतो. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर भरवसा ठेवू नका, बोटावरचीच धूळ त्यात उतरते. त्याच कारणाने कामावरून थेट प्रयोगशाळेत जायचं नाही. आंघोळ, धुतलेले कपडे, आणि तिथे गेल्यावर कोपरापर्यंत हात साबणाने पुन्हा धुऊन मगच बाही वर करा.

कॅडमियमसाठी रक्तात अलीकडचं दिसतं, लघवीत साठलेलं. लघवीचा आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मागून घ्या, नाहीतर त्या दिवशी पाणी किती प्यायलात त्यावर तो वरखाली होतो. माशांतून येणारा पारा रक्तात पाहतात, कामावरचा धातुरूप पारा लघवीत.

गोव्यात आर्सेनिकच्या लघवी-तपासणीत हमखास फसगत होते. सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या, तिसऱ्या, बांगडा यांत आर्सेनोबेटाइन नावाचं निरुपद्रवी आर्सेनिक भरपूर असतं. आदल्या दिवशी नुस्तं (मासे) खाऊन लघवी दिली की आकडा आभाळाला भिडतो. चार दिवस मासे-शिंपले बंद ठेवून नमुना द्या किंवा असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजून मागा. एमआरआय-सीटीला रंगद्रव्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर कुठलीही धातूंची तपासणी चार दिवस पुढे ढकला.

केसांची तपासणी नको. औषध देऊन नंतर लघवी गोळा करणारी "चॅलेंज टेस्ट"ही नको: किलेशनचं (धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं) औषध घेतल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, आणि त्या आकड्याशी ताडायला औषधाशिवायच्या लोकांचं प्रमाण वापरलं जातं. मग प्रत्येक जण विषबाधेचा रोगी ठरतो.

वीर्याचा नमुना

दोन ते सात दिवस स्खलन नको. आठ-दहा दिवस राखून ठेवलं की संख्या वाढते पण मेलेले शुक्राणूही वाढतात, त्यामुळे "जास्त साठवून" देण्यात फायदा नाही. नमुना प्रयोगशाळेतल्या खोलीतच द्या. घरून आणायचा झाला तर तासाच्या आत पोचला पाहिजे, शर्टाच्या आत अंगालगत ठेवून. दूरच्या काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) आणायचा विचार सोडून द्या. तेल, थुंकी, जेली, साधा निरोध यांपैकी काही वापरायचं नाही. पहिला थेंब बाहेर सांडला तर तसं सांगा आणि पुन्हा द्या, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात.

एका रिपोर्टवर काही ठरत नाही. साधारण महिन्याने दुसरा द्या. मधल्या किंवा आधीच्या तीन महिन्यांत सडकून ताप आला असेल तर तो लिहून ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केल्यावर रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि सकाळी उतरतो, तो जस्ताच्या धुराचा ताप. "वेल्डरला तो येतोच" म्हणून कुणी मोजत नाही, पण शुक्राणू मोजतात.

रिपोर्ट वाचताना जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा जवळ ठेवा: प्रमाण 1.4 मिली, एका मिलीत 1.6 कोटी शुक्राणू, एकूण 3.9 कोटी, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के, सामान्य आकाराचे 4 टक्के. चार टक्के वाचून लोक गळून जातात. मर्यादाच चार आहे. आणि या मर्यादा बाप झालेल्या पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवरून काढलेल्या आहेत, म्हणजे त्याच्या थोडं खाली गेलात म्हणून दार बंद झालं असं नव्हे.

शुक्राणू शून्य किंवा फार कमी आले तर धातूंवर बोट ठेवून थांबू नका. एफएसएच (पिट्यूटरीचं हार्मोन), सकाळचं टेस्टोस्टेरॉन, गुणसूत्रांची तपासणी, हर्नियाची जुनी शस्त्रक्रिया, वयात आल्यावर झालेले गालगुंड, हे सगळं आधी.

शिशाचा आकडा आला. आता?

आधी एकक पाहा. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजे 100 मायक्रोग्रॅम प्रति लिटर. काही प्रयोगशाळा एक लिहितात, काही दुसरं, आणि 60 चा आकडा एका कागदावर हलका असतो तर दुसऱ्यावर तातडीचा.

डेसीलिटरमध्ये बोलायचं तर 5 किंवा वर आला की उगम शोधा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा सल्ला. अमेरिकेतल्या बांधकाम कामगारांच्या जुन्या नियमात 50 ला कामावरून दूर करतात आणि 40 पर्यंत उतरल्यावर परत घेतात. तिथलेच व्यवसायरोगतज्ज्ञ 2007 पासून सांगत आहेत की एकदा 30, किंवा महिन्याच्या अंतराने दोनदा 20 आलं तरी बाजूला काढा. मूल हवं असलेल्या माणसाने हाच दुसरा आकडा धरावा, आणि प्रत्यक्ष प्रयत्न 5 च्या जवळ आल्यावर. कपड्यांवरून घरी आलेलं शिसं पत्नीच्या अंगात गेलं तर ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून तिचंही रक्त एकदा तपासून घ्या.

पोटात कळा, बद्धकोष्ठता, सांधेदुखी, मनगट लुळं पडणं, रक्त कमी होणं ही लक्षणं असतील तर वाट पाहू नका, त्याच दिवशी गोमेकॉ किंवा जवळचं रुग्णालय गाठा. किलेशनची औषधं प्रौढांना साधारण 50 च्या खाली देत नाहीत, आणि उगम चालू असताना तर कधीच नाही: हाडांतून ओढून काढलेलं शिसं लघवीवाटे जातं तेवढंच नवं आत येतं, आणि मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळा.

कामाच्या जागी काय बदलायचं

शिसं श्वासातून जितकं जातं तितकंच हातातोंडातून जातं. दहाचा चहा घ्या. हात अंगातल्या शर्टाला पुसले, कप धरला, बिस्किटाचा तुकडा त्याच बोटांनी तोडला, चहात बुडवला, खाल्ला, मग विडी. मुखवटा एवढा वेळ गळ्यात लोंबत होता आणि त्याच्या आतल्या बाजूवर धूळ बसली. आता तो पुन्हा तोंडावर. या पाच मिनिटांत जेवढं आत गेलं तेवढं मुखवट्याने सकाळपासून अडवलं नसेल.

तेव्हा पहिला खर्च मुखवट्यावर नको, पाणी, साबण आणि वेगळी जागा यांवर करा. चहा कामाच्या जागेपासून दूर, हात-तोंड धुऊन, वरचा शर्ट काढून. नखं कापलेली. मग मुखवटा: कापडी रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क शिशाच्या धुराला चालत नाही. रबरी अर्धमुखवटा आणि त्याला पी100 किंवा पी3 फिल्टर लागतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, कितीही महाग मुखवटा घेतला तरी. काढल्यावर तो झाकणाच्या डब्यात ठेवायचा.

रंग खरवडताना आधी पाणी फवारा, ओला ठेवूनच खरवडा. ग्राइंडर चालवायचाच तर धूळ ओढणाऱ्या आच्छादनासह, पण विजेचं हत्यार आणि पाणी एकत्र आणू नका. साफसफाईला केरसुणी नको, दाबाची हवा तर मुळीच नको. ओलं पोछं किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. निघालेले पापुद्रे प्लॅस्टिकवर गोळा करून बांधा, नदीत ढकलू नका. खालच्या चिखलातले खुबे आणि शिनाणे आपल्याच ताटात येतात.

कपडे आणि चप्पल कामावरच बदला, शक्य असेल तर आंघोळही तिथेच. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका आणि धुण्याआधी झटकू नका. स्कूटरची सीट ओल्या फडक्याने पुसा, संध्याकाळी तिच्यावर मूल बसतं.

दूध आणि गूळ खाल्ला की धूळ निघून जाते ही समजूत कामगारांत पक्की आहे. निघत काही नाही. पण पोट रिकामं असताना आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असताना शिसं जास्त शोषलं जातं हे खरं, तेव्हा न्याहारी करूनच कामाला जा, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर ते भरून काढा.

औषधं, भस्मं आणि गोळ्या

वीर्यवृद्धीसाठी विकल्या जाणाऱ्या रसौषधींची यादी पाहा: नाग भस्म म्हणजे शिसं, मकरध्वज आणि रससिंदूर म्हणजे पारा, मल्लसिंदूर म्हणजे पारा आणि आर्सेनिक. ज्याचा आकडा कमी करायचा आहे तेच चमच्याने. 2008 साली अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आयुर्वेद सोडा असं म्हणायचं नाही, पण वैद्यांना स्पष्ट विचारा: यात धातूचं भस्म आहे का? लेबल नसलेली पुडी असेल तर ती घेऊ नका, आणि आधी घेतली असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. कामात धातू नसूनही आकडा वर आला तर उगम बऱ्याचदा त्या पुडीतच असतो.

जस्ताच्या गोळ्यांचंही सांगून टाकू. 2020 मध्ये अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलीग्रॅम जस्त आणि 5 मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. वीर्य सुधारलं नाही, मुलं जास्त झाली नाहीत, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. हे पैसे चांगल्या मुखवट्याच्या फिल्टरना घाला.

माशांबद्दल: नुस्तं बंद करू नका. पारा साठतो तो दुसरे मासे खाणाऱ्या, मोठ्या, म्हाताऱ्या माशांत. तारले, बांगडा, मुडदुशा, वेर्ल्या रोज खाल्ल्या तरी चिंता नाही. मोरी (शार्क), मोठा कुपा (ट्यूना), मोठी विसवण (सुरमई) आठवड्यातून एकदा, आणि पत्नी गरोदरपणाच्या तयारीत असेल तर तिने मोरी टाळावी. माणकी (स्क्विड) साफ करताना आतली पिशवी आणि काळीज फेकून द्या, कॅडमियम तिथेच साठतं.

पुढचे सहा महिने

उगम बंद झाला तो दिवस कॅलेंडरवर लिहा. महिन्याने रक्त. आकडा उतरला नाही तर उगम अजून चालू आहे, कागदावरचा तो दिवस पुन्हा वाचा: बहुतेकदा घरी आलेले कपडे, विडी किंवा पुडी निघते. तीन महिन्यांनी रक्त आणि वीर्य दोन्ही. सहा महिन्यांनी पुन्हा वीर्य. पत्नी 35 च्या पुढे असेल तर मात्र हे तीन महिने नुसते थांबण्यात घालवू नका, तिच्या तपासण्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट त्याच काळात उरकून घ्या. आयव्हीएफची सोय आता बांबोळीला गोमेकॉतही आहे. तिथे जातानाही शिसं उतरल्यानंतरचा नमुना वापरता आला तर बरं, म्हणून रक्ताचे रिपोर्ट तारखांसह फाइलमध्ये लावून न्या.

कारखान्यात असाल तर आणखी एक कागद. शिशाची, मँगेनीजची आणि पाऱ्याची विषबाधा कारखाने कायद्याखाली कळवण्याजोगे रोग म्हणून नोंदलेली होती, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेतलेल्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही ती आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरने ते कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं, आणि गोव्यात ते कार्यालय पणजीला आल्तिनोवर आहे. ईएसआयचं कार्ड असेल तर व्यवसायजन्य रोगाचा लाभही मिळू शकतो. पण दोन्हीकडे हा प्रश्न येऊ शकतो: रक्त घेतलं तेव्हा तुम्ही कामावर होता का? म्हणून प्रयोगशाळेच्या पावतीवर नमुन्याची तारीख आणि वेळ छापून आली आहे ना, ते काउंटर सोडायच्या आधी पाहून घ्या.